दोघांत एक पिस्तूल

४ जानेवारी

आज घरात माझ्या नेमबाजीवर खटला चालला. फिर्यादी ही, न्यायाधीशही हीच. आरोपीला वकील मिळाला नाही.

गेल्या वर्षभराच्या पावत्या हिने डब्यातून काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. रेंजची वर्गणी, दर वेळचं लेनचं भाडं, छर्रे, हवेचा सिलिंडर भरून आणायचे पैसे, टार्गेटचे कागद, आणि ते खास बूट, जे मी 'सेलमध्ये होते' असं सांगून आणले होते आणि जे सेलमध्ये नव्हते. बेरीज माझ्या दीड महिन्याच्या कमाईइतकी निघाली. मी स्वतःच दचकलो. कवळ्या बनवणाऱ्या माणसाला हा छंद परवडत नाही, हे त्या बेरजेतच आलं. दिवसभर मी लॅबमध्ये परक्यांचे दात घासून गुळगुळीत करतो. आठवड्यातून दोनदा तासभर दहा मीटरवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघतो आणि त्या तासात डोक्यात दुसरं काही नसतं. मला ते फार आवडतं, बस्स.

निकाल असा: जूनअखेर खर्च निम्म्यावर आला पाहिजे, नाहीतर माझं हवेचं पिस्तूल विकायचं. म्हणून ही दैनंदिनी. लिहीत राहिलो तर हात आखडता राहील.

खटला चालू असताना सासूबाई समोरच बसल्या होत्या. सासरे जाऊन पाच महिने झाले, तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत. बोलत जवळजवळ नाहीत. ताटातलं अर्धं तसंच ठेवतात. मागच्या खोलीत दाराआड त्यांची बॅग भरून ठेवलेली आहे. विचारलं की म्हणतात, महिनाअखेर धाकट्याकडे जाईन. धाकटा म्हणजे माझा मेहुणा. तो लांब, गाडीने बारा तासांवर राहतो. माणूस चांगला आहे, पण तो आणि त्याची बायको दिवसभर बाहेर असतात.

११ जानेवारी

काटकसर सुरू. टार्गेटच्या एकाच कागदावर तीन वेळा नेम धरायचा, मधल्या वेळेत भोकांवर काळ्या-पांढऱ्या टिकल्या चिकटवायच्या. रेंजवर हसं झालं. आमचे मास्तर कायम इतके ताठ उभे असतात की पाठीमागे सगळे त्यांना ओळंबा म्हणतात. त्यांनी माझा ठिगळं लावलेला कागद उजेडात धरला आणि घडी घालून परत दिला.

१८ जानेवारी

हिचं डोकं हिशेबात कसं चालतं हे मला लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही. लॅबची किल्ली द्यायला ही रेंजवर आली होती. तेवढ्यात फलक वाचून गेली. मी चार वर्षं त्या फलकासमोरून जातोय. कौटुंबिक सभासदत्व घेतलं तर दोघांना मिळून वर्गणी थोडीच जास्त, पण लेनचं भाडं माफ आणि छर्रे क्लबच्या खरेदीच्या दरात. अट एकच: दोघांनीही दर आठवड्याला हजेरी लावायची. एक आठवडा चुकला तर सभासदत्व रद्द.

मी म्हटलं, चल मग. ही म्हणाली, मी दिवसभर दुकानात उभी असते, आणखी उभं राहायला पैसे भरणार नाही. आणि लगेच, जणू आत्ताच सुचलं असं, म्हणाली की आईला न्या. ती नुसती सही करून बाकावर बसेल.

सासूबाई नको नको म्हणत होत्या. ही म्हणाली, "आई, तू नाही गेलीस तर यांचं पिस्तूल विकावं लागेल." मग बिचाऱ्या तयार झाल्या. माझ्यासाठी.

२४ जानेवारी

सासूबाईंची पहिली हजेरी. पर्स मांडीवर घेऊन चाळीस मिनिटं बाकावर बसल्या. परतताना बसमध्ये अचानक म्हणाल्या, "तो कडेचा माणूस श्वास चुकीच्या वेळी सोडतो."

तो कडेचा माणूस गेली दोन वर्षं याच कारणाने अडला आहे आणि मास्तरांनाही हे शोधायला सहा महिने लागले होते. विचारलं, तर म्हणाल्या की औषधाच्या दुकानात तीस वर्षं त्यांनी छोट्या तराजूवर पुड्या तोलल्या. भुकटी पारड्यात पडताना श्वास धरायचा असतो, नाहीतर उडते.

घरी आल्यावर हिला सांगायला गेलो की लेनचं भाडं वाचलं. हिने ते ऐकलंच नाही. आई काय बोलली, कधी बोलली, स्वतःहून बोलली का, असं तीनदा विचारलं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, त्या आकड्याकडे हिचं लक्ष नव्हतं.

७ फेब्रुवारी

माती खाल्ली. एका नेमबाजाकडून स्वस्तात दहा डबे छर्रे घेतले. पाच हजार छर्रे, एक तृतीयांश पैसे वाचणार म्हणून खुशीत होतो. आज कळलं की त्यातल्या कित्येकांची कड चेपलेली आहे. असा छर्रा नळीतून निघाला की वाटेल तिकडे जातो. नेम मधल्या दहाच्या वर्तुळावर धरावा तर लागतो बाहेरच्या सातला. परत घ्यायला तो माणूस तयार नाही. हिला सांगायची हिंमत झाली नाही. डबे कपाटात जुन्या कोटामागे ठेवले.

९ फेब्रुवारी

सासूबाईंना डबे सापडले. पण त्या हिला काही बोलल्या नाहीत. लॅबमधला चिमटा आणि भिंग मागून घेतलं, पांढरा कागद पसरला आणि धान्य निवडतात तसे छर्रे निवडायला बसल्या. चांगले एका वाटीत, वाईट दुसऱ्या वाटीत. तीन दिवसांत संपवते म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी

तीन हजार शंभर चांगले निघाले, म्हणजे नुकसान जवळजवळ नाही. मीही दोन संध्याकाळी सोबत बसलो. हात चालू असले की त्यांना बोलता येतं असं दिसतं. सासरे रोज दुकान बंद व्हायच्या वेळी त्यांना घ्यायला यायचे, आणि आत यायला लाजून बाहेरच्या वजनकाट्यावर उभे राहायचे. तीस वर्षं रोज वजन. मालक म्हणायचा, तुमच्या घरातल्या माणसाचं वजन मला माझ्या मुलांच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हे सांगताना त्या हसल्या आणि मग बराच वेळ भिंगातून नुसत्याच बघत राहिल्या. मी माझ्या वाटीतले छर्रे त्यांच्याकडे सरकवले.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. छर्रे पकडले गेले म्हणून मी हबकलो, पण हिने खर्चाचा शब्द काढला नाही. आत निघून गेली.

२१ फेब्रुवारी

मास्तरांनी आज नवी अट घातली. हजेरी म्हणजे सही नाही, निदान दहा नेम मारले पाहिजेत. मी वाद घालत होतो तोवर सासूबाई उठल्या आणि लेनवर जाऊन उभ्या राहिल्या.

पिस्तुलाची लाकडी मूठ मी माझ्या पंजाच्या मापाने कोरलेली. त्यांची बोटं त्यात हरवली. मास्तरांनी मुठीभोवती पट्टी गुंडाळून दिली. पहिला छर्रा कागदाच्या बाहेर, दुसरा कोपऱ्यात. सहावा आठला. नववा दहाला, अगदी मध्यावर. आमचा ओळंबा दुर्बिणीत बघायला कमरेत वाकला. हे दृश्य मी चार वर्षांत पाहिलेलं नाही.

त्या म्हणाल्या, "घोडा दाबला हे कळतच नाही, तेव्हाच तो बरोबर लागतो." मास्तर हेच आम्हाला ओरडून ओरडून सांगतात.

रात्रीच्या जेवणात त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१५ मार्च

आता पद्धत बसली आहे. वीस नेम त्यांचे, मग पट्टी सोडून वीस माझे. एक पिस्तूल, एक सिलिंडर, खर्चाला दोन वाटेकरी आणि छर्रे खरेदीच्या दरात. घरी कोरा सराव: भिंतीवर ठिपका, पिस्तूल रिकामं, नुसता घोडा दाबायचा. याला एक पैसा पडत नाही. सासूबाई सकाळी पाऊण तास करतात, मी वीस मिनिटांत कंटाळतो.

महिनाअखेर जवळ आली म्हणून मी भीत भीत बॅगेचा विषय काढला. म्हणाल्या, "या महिन्यात कशी जाऊ? तुमचं सभासदत्व जाईल ना." मला खरंच भरून आलं. माझ्या छंदापायी त्या स्वतःच्या मुलाकडे जायचं लांबवताहेत. मी हिला म्हटलं, तुझ्या आईसारखी समजूतदार बाई पाहिली नाही, माझ्यासाठी किती करतात. ही खो खो हसत सुटली. कारण विचारलं तर सांगेना, म्हणाली तुम्ही जेवा.

१९ एप्रिल

खर्च गेल्या वर्षीच्या मानाने साठ टक्क्यांवर आला आहे. राहिलेले दहा टक्के कुठून काढू, या विवंचनेत होतो, तर आज क्लबची स्पर्धा जाहीर झाली. १७ मेला, चाळीस नेम, चारशे गुण. ज्याला साडेतीनशे पडतील त्याला वर्षभर छर्रे अर्ध्या दरात. म्हणजे प्रश्नच मिटला. सरावात माझे एकदा ३५२ झाले आहेत. सासूबाईंचे ३३८. दोन महिन्यांत. मी त्यांच्या वयाचा होईन तेव्हा माझा हात पाण्याच्या ग्लासालाही पुरणार नाही.

दोघांची नावं दिली.

५ मे

वेळापत्रक लागलं. कौटुंबिक सभासदांची एकच फेरी, सगळे एकाच वेळी लेनवर. म्हणजे सासूबाई आणि मी शेजारी शेजारी, आणि पिस्तूल एक. क्लबची पिस्तुलं आधीच लहान मुलांच्या गटाला दिलेली. मास्तर म्हणाले, तुमच्यापैकी एकानेच उतरा.

बसमध्ये मी हा विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होतो, तर सासूबाईच म्हणाल्या, "तुम्हीच मारा. तुमचे साडेतीनशे होतील. मी काय, मी त्या संध्याकाळी निघतेच आहे." त्यांनी धाकट्याला फोनवर तिकीट काढायला सांगितलंही होतं.

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच लिहायचं तर इथे लिहायला हवं: मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली. घरी हिला सांगितलं. हिचा चेहरा एकदम उतरला. मी म्हटलं, अगं, साडेतीनशे पडले की पुढच्या वर्षी मी एकटाच असलो तरी भागेल. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा काढून पुसला. सासूबाईंनी अर्धं ताट तसंच ठेवलं.

८ मे

लॅबमधून लवकर आलो. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. सासूबाई भिंतीसमोर उभ्या होत्या, हात सरळ पुढे. पिस्तूल माझ्या बॅगेत होतं. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तीच त्या ठिपक्यावर स्थिर धरत होत्या. स्पर्धेतून नाव काढलेलं, गावाला जायचं ठरलेलं, तरी सराव चालू.

मी खोकलो. त्या ओशाळल्या, बाटली खाली ठेवली. मी विचारलं, आता कशाला? त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मंगळवारी आपल्याला बस उशिरा मिळाली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मास्तर दारात उभे राहून घड्याळ बघत होते. माझी लेन रिकामी ठेवली होती त्यांनी. हे गेल्यापासून माझी वाट बघत कुणी उभं राहिलेलं नव्हतं, जावईबापू."

मी म्हटलं, आम्ही आहोत की. त्या म्हणाल्या, "तुम्ही आहातच. तुम्ही मला सांभाळता. ते वेगळं."

मी बाहेर येऊन जोडे न काढताच खुर्चीत बसलो. ही दुकानातून आली तेव्हाही तसाच होतो.

९ मे

सासूबाईंना सकाळी लॅबमध्ये घेऊन गेलो. सांगितलं की कवळीचं माप घ्यायचंय. त्या म्हणाल्या, माझे सगळे दात माझेच आहेत. मी म्हटलं, माप दातांचं नाही, हाताचं. नेम धरायच्या पवित्र्यात उभं केलं आणि मऊ मेणाचा गोळा त्यांना पंजात घट्ट धरायला लावला. त्यांच्या बोटांचे सगळे वळसे त्यात उतरले. अंगठ्याजवळ जुन्या भाजल्याची खूण आहे, तीही उतरली.

त्यांना बसमध्ये बसवून आलो आणि कानस घेतली.

त्यांना नुसतं 'तुम्ही मारा' म्हणून चाललं नसतं. मूठ माझ्या हातात बसत असेपर्यंत त्या 'तुम्हीच मारा' म्हणत राहिल्या असत्या. म्हणून मीच ती माझ्या हातातून काढून घेतली. तळव्याचा फुगवटा माझ्या मापाचा होता, तो आधी उतरवला. दोन वर्षं थोडी थोडी कोरत बसवलेली मूठ. पहिल्या दहा मिनिटांत परतीची वाट बंद झाली. जिथे त्यांच्या हाताला भर हवी होती तिथे कवळीचं गुलाबी मटेरियल भरलं. मूठ आता अर्धी लाकडाची आणि अर्धी हिरड्यांच्या रंगाची झाली आहे. देखणी नाही. पण मेणाच्या साच्यावर ठेवली तर केस शिरायला जागा नाही. आयुष्यात मी इतकं चांगलं माप बसवलेलं नाही.

डोळ्यांतून पाणी येत होतं. लाकडाचा भुसा फार होता, आणि भुसा नसता तरी आलं असतं.

घरी त्यांच्या हातात पिस्तूल दिलं. त्यांनी ते धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही कशाने मारणार?" मी म्हटलं, मी मागे बसून श्वास बघणार, कोण चुकीच्या वेळी सोडतंय ते.

तिकिटाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

ही स्वयंपाकघरात मला म्हणाली, "दुसरं पिस्तूल कितीला पडतं हो? जुनं?" मला वाटलं टोमणा आहे. चेहरा बघितला तर नव्हता. जिने जानेवारीत पिस्तूल विकायला काढलं, ती मेमध्ये दुसरं विचारते. मी म्हटलं, आधी जून तर येऊ दे.

१३ मे

चारच दिवस उरलेत. मूठ नवी, हात नवा. घरी कोरा सराव छान चालला आहे. रेंज मात्र स्पर्धेच्या तयारीसाठी बंद, त्यामुळे खऱ्या छर्ऱ्यांनी एकदाही मारून बघता आलं नाही. मला धाकधूक वाटते.

१७ मे

स्पर्धा झाली.

ही सुट्टी काढून आली होती. आम्ही दोघं मागच्या बाकावर. पहिल्या दहात ८९. दुसऱ्या दहात ९१. ही माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की तो पिस्तुलासाठी तसाही निकामी झाला असता. तिसऱ्या दहात ८८. मी बेरीज केली, शेवटच्या दहात ८२ पडले की साडेतीनशे. सासूबाईंना ८२ म्हणजे डाव्या हाताचा मळ.

मग सात. मग सहा. त्या पिस्तूल खाली ठेवून पंजा उघडझाप करू लागल्या. पुन्हा उचललं. आठ, सात, पाच. मास्तर मागे हात बांधून उभे होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली. शेवटचे दहा मिळून ७३. एकूण ३४१. तेविसात सातव्या.

मी लेनकडे गेलो तर त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठला होता, जुन्या भाजल्याच्या खुणेवर. मला एका क्षणात कळलं. कवळी बसवताना मधे फट ठेवायची नसते, फट राहिली की ती हलते. आयुष्यभर मी तेच केलं, आणि मूठही तशीच बसवली. पण हिरडी फुगत नाही. हात अर्धा तास आवळून धरला की तापतो, फुगतो, त्याला जागा लागते. घरच्या सरावात त्या मधे मधे हात सोडायच्या, म्हणून कळलं नाही. कुठल्याही सुताराने ती फट ठेवली असती.

मी तिथेच उभा राहून त्यांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचे साडेतीनशे माझ्यामुळे गेले. आठवडाभर आधी मारून बघितलं असतं, तर थोडी थोडी घासून सैल करून दिली असती.

सासूबाई पिस्तूल पेटीत ठेवत होत्या. दोन्ही खिट्या लावल्या. पेटी माझ्याकडे दिली आणि दुखरा अंगठा चोळत म्हणाल्या, "मग घासा की सावकाश. मी कुठे चाललेय?"

मी पेटी हातात घेऊन उभाच राहिलो. मला इतका आनंद झाला की ३४१ हा आकडाच विसरलो. मग बाहेर जाऊन हिला सांगितलं, की साडेतीनशे हुकले, छर्रे अर्ध्या दरात मिळणार नाहीत, आणि आई राहताहेत. ही रेंजच्या भिंतीला टेकून लहान मुलीसारखी रडायला लागली. हिला नऊ गुणांचं एवढं लागेल असं मला वाटलं नव्हतं. मी पाठीवरून हात फिरवत समजूत घातली, म्हटलं रडू नकोस, राहिलेले दहा टक्के मी जूनपर्यंत कुठूनही काढतो. त्यावर ती रडता रडता हसायला लागली. शेवटी सासूबाईच आल्या आणि आम्हा दोघांना बसकडे घेऊन गेल्या.

उद्या लॅबमधून कानस आणि बारीक पॉलिश पेपर घरी आणायचा.